रथ उभा करण्याचे दिवस

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



श्रावण लागला. शुक्रवारच्या बाजारात चिबूड, फागलां, दोडकी, हळदीची पाने आली. सोमवारची महादेवाची पूजा, शुक्रवारचे हळदीकुंकू, रविवारचे आयतारपूजन, मधे नागपंचमी, सुतांपुनव, अष्टमी आणि समोर उभी ती चवथ. पंचांगाचे हे पान बघितले की मन भरून येते. यंदा मात्र आणखी एक गोष्ट जाणवली. गेल्या पंधरवड्यात आपल्या सेवागटाकडे जे निरोप आले, त्यांत देवाबद्दलचे थोडे होते आणि झोपेबद्दलचे जास्त. "रात्री दोन वाजता डोळे उघडतात ते उघडेच." "छातीत धडधडते, ईसीजी काढला, तो बरा आला." "जपाला बसते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजते." एका ताईने तर एवढेच लिहिले होते, "कुणाला सांगू?"

म्हणून या श्रावणातले निरूपण आम्ही सेवेकरी भगिनींनी याच विषयावर घ्यायचे ठरवले. चवथीचा फराळ आणि माटोळीची यादी पुढच्या अंकात येईल, घाई नको.

गीता आपल्या घरांत आहे. बारावा आणि पंधरावा अध्याय पुष्कळांना पाठ आहेत, मुलांनाही आहेत. पहिला अध्याय मात्र आपण भरभर वाचून टाकतो, कारण त्यात नावेच नावे आणि शंखच शंख. पण एकदा तो सावकाश वाचून बघा. अर्जुन भगवंताला काय सांगतो? हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, हातातून धनुष्य निसटते आहे, अंगाची आग होते आहे, उभे राहवत नाही, मन भिरभिरते आहे. आज कुणी हे शब्द घेऊन डॉक्टरांकडे गेले, तर डॉक्टर त्याला बसवतील, पाणी देतील आणि विचारतील, किती दिवस होते आहे? आपल्या धर्मातला सगळ्यांत जास्त वाचला जाणारा ग्रंथ सुरू होतो तो एका कर्तबगार माणसाच्या अशा अवस्थेने. त्या अध्यायाचे नावच विषादयोग. विषादालाही योग म्हटले आहे, ही गोष्ट आपण कधी थांबून पाहिली का?

आता दुसरी गोष्ट. हे सगळे कधी झाले? रथ उभा राहिल्यावर. अर्जुनानेच सांगितले की दोन्ही सैन्यांच्या मधे रथ उभा कर, मला बघायचे आहे. रथ धावत होता तोपर्यंत सगळे ठीक होते. शंख वाजत होते, घोडे पळत होते. रथ थांबला आणि समोर आजोबा दिसले, गुरू दिसले, भाऊ दिसले. मग पोटातले वर आले. म्हणजे थांबल्याबरोबर शांती मिळते असे नव्हे हो. पुष्कळदा थांबल्यावर आधी रडू येते. आपल्या सत्संगात नव्याने येणाऱ्या कित्येक जणी सांगतात की ध्यानाला बसले की जास्तच अस्वस्थ वाटते, त्यापेक्षा भांडी घासलेली बरी. त्यांना वाटते, आपल्यातच काहीतरी कमी आहे. तसे नाही. इतके दिवस रथ पळत होता, धुरळ्यात दिसत नव्हते, आता दिसू लागले आहे.

आणि तिसरी, जी आम्हाला फार मोलाची वाटते. भगवंतांनी आधी अर्जुनाला फटकारले होते. हे काय भलतेच, असा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ. घरातला कर्ता माणूस जसे बोलतो तसेच. त्याचा उपयोग झाला का? नाही झाला. अर्जुन 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसून राहिला. मग भगवंतांनी सूर बदलला. चेहऱ्यावर हसू आणले आणि बोलायला लागले, ते अठराव्या अध्यायापर्यंत. सातशे श्लोकांचा हा संवाद, आणि त्या सगळ्या वेळात रथ उभा आहे. दोन्ही बाजूंनी सैन्य ताटकळले आहे. कुणी म्हणाले नाही की आता पुरे, उशीर होतो आहे.

आपल्या घरात कुणी असे गळून बसले तर आपण किती श्लोक थांबतो? पहिल्या फटकाऱ्यानंतर दुसरा फटकारा देतो. "सगळे आहे तुझ्याकडे, काय कमी आहे?" हे वाक्य तर गोव्यातल्या निम्म्या घरांत तयार असते.

पुढे सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की हे मन वाऱ्यासारखे आहे, धरता येत नाही. तिथे भगवंत रागावत नाहीत. ते मान्य करतात की बाबा, खरेच कठीण आहे, सरावाने आणि हळूहळू सोडत गेल्याने जमते. त्याच अध्यायात थोडे आधी त्यांनी खाणे, फिरणे, काम करणे, झोपणे, जागणे हे सगळे बेताचे असावे असे सांगितले आहे. जो फार खातो त्याला योग साधत नाही, जो उपाशी राहतो त्यालाही नाही. जो फार झोपतो त्याला नाही आणि जो जागतच राहतो त्यालाही नाही. झोपेचा हिशेब प्रत्यक्ष भगवंतांनी गीतेत घातला आहे. रात्री साडेबारापर्यंत मोबाईल बघून पहाटे चार वाजता काकड आरतीला उठणे ही साधना आहे की अंगाला दिलेली शिक्षा, ते ज्याचे त्याने ठरवावे.

थांबण्याची सोय आपल्या पूर्वजांनी वर्षातच करून ठेवली होती. चातुर्मास म्हणजे काय? बारा महिने गावोगाव हिंडणारे संन्यासी पावसाळ्यात एका जागी मुक्काम करतात. आपल्या मठांचे स्वामी आजही चातुर्मास पाळतात, आपण दर्शनाला जातो. फिरणे हेच ज्यांचे व्रत, त्यांनाही शास्त्राने थांबायला लावले. दर्याचेही तसेच. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, सरकारचीच बंदी आहे, कारण ते मासळीच्या विणीचे दिवस. पावसात दर्या खवळलेला असताना होडी घालायची नाही, हे तर आपल्या किनाऱ्यावर कायद्याच्या आधीपासून पाळत आले आहेत. मासळीला ६१ दिवस मिळतात. घरातल्या बाईला किती मिळतात, याचा हिशेब कुणी ठेवला आहे का?

हिशेब ठेवला आहे, म्हणा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांचे त्यात रोजचे २९९ मिनिटे जात होते, आणि ती कामे करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. त्यात मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ धरलेला नाही, तो वेगळा. हे आकडे भांडण लावायला दिलेले नाहीत. हा अंक कुटुंबाच्या गटात वाचला जातो, बाबा, काका, मुलगे सगळे वाचतात, म्हणून मुद्दाम दिले. घरातल्या बाईला "तू जरा शांत हो" असे सांगणे सोपे आहे. त्याआधी तिच्या हातातली विळी आपल्या हातात घ्यावी. नारळ खवणाऱ्या पुरुषाचे पुण्य कमी होते असे कुठल्याच पुराणात लिहिलेले नाही.

जुन्या काळी बायकांना विसावा नव्हता हे खरे, पण अगदीच नव्हता असेही नाही. पौषात भात घरात आले की पेडण्या-डिचोलीत, सत्तरीत अजून धालो होतात. रात्री जेवणखाण आवरून बायका मांडावर जमतात, समोरासमोर दोन रांगा धरतात, एकमेकींना हातांनी गुंफून वाकत, झुलत गातात, फुगड्या घालतात. पाच रात्री, कुठे सात, कुठे नऊ. पुरुषांना तिथे काम नाही. सासू आणि सून एकाच रांगेत. त्या रात्री कुणी विचारत नाही की उद्याच्या भाजीचे काय. ही करमणूक होती असे लोक म्हणतात. आम्हाला वाटते तो बायकांचा चातुर्मास होता, फक्त थोड्या रात्रींचा.

इथे थोडे सुशेगाद या शब्दाबद्दल. पोर्तुगीज भाषेतला सोसेगादो, म्हणजे निवांत, शांत, त्यावरून हा शब्द आला. आता जाहिरातवाले तो शब्द टी-शर्टावर छापून विकतात आणि बाहेरची माणसे त्याचा अर्थ आळशी असा करतात. गोयकार आळशी होता म्हणणाऱ्याने पावसात तरवा लावणाऱ्या बाईची कंबर बघावी. दुपारी एकला दुकानाचे दार ओढून घेणारा म्हापशाचा दुकानदार साडेतीन-चारला परत उघडतो आणि रात्रीपर्यंत बसतो. मधे घरी जातो, शीत-कढी जेवतो, पाठ टेकतो. आपल्या बाजारपेठेत पुष्कळ दुकानांनी ही पद्धत अजून राखली आहे. ती मोडू नका.

पण डिचोलीच्या बाजूच्या साधकांनी एक गोष्ट आम्हाला ऐकवली, ती इथे सांगितलीच पाहिजे. २०१२ साली खाणी बंद झाल्या, नंतर चालू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते चालू. ते भाऊ म्हणाले, "आमचा रथ उभाच होता हो, पण झोप कुठे होती?" बरोबर आहे. पोटाची काळजी असलेल्या माणसाला सावकाश जगा म्हणून उपदेश करणे हे भरल्या पोटाचे बोलणे. अशा वेळी त्याच्या शेजारी बसावे, कर्जाचे कागद समजून घ्यायला मदत करावी, मुलाची फी भरावी. तीही गुरुसेवाच. तशीच मोपाची गोष्ट. जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली आणि पेडण्याच्या कित्येक घरांत रात्रपाळी आली. मुलगा पहाटे पाचला येतो, सून सातच्या कदंबाने पणजीला जाते, मधे आजी आरतीची घंटा वाजवते. त्या पोराला सकाळी आठपर्यंत तरी झोपू द्यावे. देवघरातली घंटा त्या दिवशी हळू वाजली तर देव रागावणार नाही. तो तर न वाजवलेलीही ऐकतो.

आता आपल्या दत्तमाउलीकडे येऊ. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंची कथा आहे. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी. त्यात एक कुमारी आहे. घरात कुणी नसताना तिला बघायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत भात कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. बाहेर ऐकू गेले तर घरची गरिबी कळेल म्हणून तिला लाज वाटली. तिने एकेक बांगडी काढली. प्रत्येक हातात दोन उरल्या तरी त्या एकमेकींवर वाजतच राहिल्या. मग एकेक ठेवली, तेव्हा आवाज थांबला. अवधूत हे बघत होता. त्याने तिला गुरू केले.

बांगड्या काढणे म्हटले की आपल्या बायकांच्या मनाला कसेसे होते, आमच्याही झाले. पण ती कुमारिका होती आणि कथा सौभाग्याची नाही, आवाजाची आहे. कीर्तनकार या कथेतून एकांताचा बोध काढतात, तो आहेच. आम्हा घर सांभाळणाऱ्यांना मात्र त्यात दुसरेच दिसते. तिने कांडणे सोडले नाही. पाहुणे जेवायचे होते ना! काम चालूच राहिले, फक्त कामाबरोबरचा खणखणाट तिने एकेक करून उतरवला. एका झटक्यात सगळ्या फोडल्या नाहीत. आपणही तसे करू शकतो. चवथीला नेवऱ्या कराव्यात, खतखते करावे, पातोळ्या कराव्यात. पण पाच प्रकारचे लाडू, सात प्रकारची शेव-चकली, आणि मुंबईहून आलेल्या जावेच्या स्टेटसवर टाकण्यासाठी प्रत्येकाचा फोटो, यातली एखादी बांगडी उतरवता येईल. पाच लाडवांचे तीन होऊ देत. खाजे आणि लाडू म्हापशाच्या बाजारातून आणले म्हणून गणपती घरातून उठून जात नाही. माटोळीला जंगलातले फळ मिळाले नाही तर जे मिळेल ते बांधावे. मुलाच्या चार शिकवण्यांमधली एक कमी करावी. पाच कुटुंबगट असतील तर दोन गटांचा आवाज बंद करावा, आपला हा गटसुद्धा त्यात आला तरी हरकत नाही.

आणि साधनेचीही बांगडी असते बरे का. हे लिहिताना आम्ही दोनदा विचार केला, पण गुरुमाउलींनीच अनेकदा समजावले आहे, म्हणून लिहितो. काही गटांत जपाची संख्या रोज रात्री टाकावी लागते. कुणाचे अकरा हजार, कुणाचे एकवीस हजार. ज्याचे कमी झाले तो गप्प बसतो, किंवा बसमध्ये, भाजी चिरताना, फोनवर हं-हं करताना माळ ओढून आकडा पुरा करतो. संकल्प वाईट नाही, संख्येने सवय लागते. पण नाम घेता घेता श्वास वर लागत असेल तर नामाला आपण बस पकडायला लावले आहे.

या संदर्भात एक गंमत सांगतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि तिबेटी परंपरेतला ॐकाराचा मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. आणि त्या संथ श्वासाबरोबर हृदय आणि रक्तदाब यांचा मेळही सुधारलेला दिसला. आपल्या शेजारची मारियाबाय संध्याकाळी तेर्स म्हणते आणि आपण दिवेलागणीला माळ घेतो, दोघींच्या छातीत एकच काम चालते! आता एवढे लक्षात घ्या की हे संथ म्हटल्यावर घडले. दहा सेकंदांत एक श्वास, म्हणजे एका श्वासात एकदाच नाम पुरे. पाच मिनिटे असे बसले तर तीस नामे होतात. गटात सांगायला आकडा लहान आहे, खरा आहे.

इथवर जे लिहिले ते धावपळीने थकलेल्या मनाबद्दल. आता थोडे अवघड लिहायचे आहे आणि ते कृपया पूर्ण वाचावे.

थकलेले मन आणि आजारी मन यांत फरक आहे. थकलेल्याला चार दिवस विसावा दिला की ते उठते. आजारी मनाला नुसता विसावा देऊन बसवले तर ते आणखी खोल जाते. आठवड्यांमागून आठवडे झोप नाही किंवा उठवतच नाही, जेवण नको, आंघोळ नको, ज्या गोष्टीने आनंद व्हायचा तिच्याकडे बघवत नाही, आपण सगळ्यांना ओझे झालो असे वाटते, जगू नये असे वाटते. हे साधनेतले न्यून नाही. पूर्वजन्मीचे पापही नाही. मधुमेहाला जसे डॉक्टर लागतात तसे याला लागतात. एका साधक कुटुंबात असे घडले की लेकीच्या गोळ्या चालू होत्या, ती बरी होत होती, आणि कुणी हितचिंतकाने सांगितले, "गुरूंचे नाम असताना गोळ्या कशाला?" गोळ्या एकदम सोडल्या. दोन महिन्यांत तिची अवस्था पहिल्यापेक्षा बिकट झाली. आता ती पुन्हा उपचार घेते आहे आणि देवाच्या कृपेने सावरते आहे. तो हितचिंतक वाईट माणूस नव्हता. पण आपल्या गटांत असा सल्ला कुणी दिला तर तो तिथेच थांबवावा, ही सर्व सेवेकऱ्यांना हात जोडून विनंती. आपल्या गुरुमाउलींनी कुणालाही औषध सोडायला सांगितलेले नाही.

कुणी म्हणेल, साखळीच्या दत्तमंदिराचे काय? तिथे मनाचे आजार बरे होतात अशी आपल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. आहेच, आम्हीही त्या देवापुढे डोके टेकतो. गाणगापूरला, नृसिंहवाडीला माणसे सेवेला राहतात, त्यांचा दिवस कसा जातो ते आठवा. पहाटे नदीत स्नान, प्रदक्षिणा, दुपारी प्रसादाचे साधे अन्न, संध्याकाळी आरती, रात्री लवकर झोप. अंगाला हालचाल, दिवसाला वेळापत्रक, भोवती माणसे, आणि कुणी वेडा म्हणत नाही. दत्तमाउली कृपा करते ती कुठल्या हाताने करते हे आपण कोण ठरवणार? तिथल्या पुजाऱ्याच्या हाताने करते तशी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतल्या डॉक्टरांच्या हातानेही करते.

आपल्या गोव्याने याबाबत जगाला एक गोष्ट शिकवली आहे आणि ती आपल्यालाच ठाऊक नसते. पर्वरीला संगत नावाची संस्था आहे, १९९६ पासून. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली. मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि आजारी माणसे पुष्कळ, मग करायचे काय? त्यांनी साध्यासुध्या शिकलेल्या माणसांना, ज्यांचा वैद्यकाशी संबंध नव्हता अशांना प्रशिक्षण दिले आणि गोव्याच्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. नैराश्याचा बराच त्रास असलेल्या ४९५ माणसांवर हा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर या समुपदेशकांच्या सहा ते आठ बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी पाहिले, तर बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के माणसे नैराश्यातून बाहेर आलेली होती, न मिळालेल्यांत ३९ टक्के. हे लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आले.

आणि त्या बैठकांत होत काय होते? सगळ्यांत मोठा भाग असा, की गळून गेलेल्या माणसाला पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे वळवायचे. आज अंगणात दहा मिनिटे चाल. उद्या बहिणीला फोन कर. परवा तुळशीला पाणी घाल. म्हणजे बघा, धावून थकलेल्याला थांबवायचे आणि बसून खचलेल्याला हाताला धरून उठवायचे. दोघांना एकच उपदेश चालत नाही. भगवंतांनीही अर्जुनाला शेवटी रथात बसवून ठेवले नाही, त्याच्या हातात धनुष्य परत आले. पण ते अठराव्या अध्यायात.

आपल्या बारदेशचाच आणखी एक माणूस आठवतो, कांदोळीचा, १७५६ साली जन्मलेला. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्याचा पुतळा आहे, बाईवर हात पसरलेला, लहानपणी तो बघून आपण घाबरायचो. आबे फारिया. अशी गोष्ट सांगतात की लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला हा तरुण पाद्री उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. वडील तिथेच होते. त्यांनी हळूच कोंकणीत सांगितले की अरे, ही समोरची सगळी भाजीच आहे, काप ती. भीती गेली आणि तो बोलू लागला. घरच्या भाषेतले प्रेमाचे एक वाक्य! पुढे फारियांनी पॅरिसमध्ये संमोहनाचा अभ्यास केला आणि त्या काळच्या मोठमोठ्यांच्या विरुद्ध जाऊन सांगितले की शक्ती संमोहन करणाऱ्याच्या हातातून वाहत नाही, जे घडते ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते. पूर्वी पणजीच्या मनोरुग्णालयाला त्यांचेच नाव होते. डोक्यावर हात ठेवून तुझा मनाचा आजार काढून घेतो म्हणणारा आणि त्याचे पैसे सांगणारा कुणी भेटला तर कांदोळीच्या या माणसाची आठवण ठेवावी.

ज्या ताईने "कुणाला सांगू?" असे लिहिले होते, त्यांच्याशी सेवागटातल्या दोघी जणी बोलल्या आहेत. त्यांच्यासारख्या आणखी कुणी असतील. लाजू नका. आधी घरात एकाला सांगा. घरात सांगण्यासारखे नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेला. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही लावता येतो, भाषा निवडता येते. जीव नको असे कुणी बोलले तर त्या माणसाला त्या रात्री एकटे सोडू नये आणि सरळ इस्पितळात न्यावे. लोक काय म्हणतील याचा विचार दुसऱ्या दिवशी करावा.

चवथीपर्यंतच्या गुरुवारच्या सत्संगात थोडा बदल केला आहे. दारात सुपे ठेवलेली असतील, त्यांत मोबाईल आवाज बंद करून ठेवायचे. रात्रपाळीच्या मुलांचे आईबाप आणि घरी आजारी माणूस असलेले यांनी मोबाईल जवळ ठेवला तरी चालेल. आरती नेहमीपेक्षा संथ लयीत म्हणायची आहे, घुमटवाल्या मुलांना तसे सांगितले आहे, ते थोडे नाराज आहेत. आरतीनंतर दहा मिनिटे सगळ्यांनी नुसते बसायचे, डोळे मिटून किंवा उघडे ठेवून. लहान मुले बोलली तर बोलू द्यावीत. जपाचा आकडा या दिवसांत गटात कुणी टाकू नये, आम्हीही विचारणार नाही. प्रसाद पुरुषमंडळी करतील, पहिल्या गुरुवारी मुगाची खिचडी आणि लोणचे. मीठ कमीजास्त झाले तर बायकांनी बोलायचे नाही, असे त्यांच्या वतीने कळवण्यात आले आहे.

येताना बसायला स्वतःचे आसन आणावे, फरशी पावसाने थंड असते.